उंबऱ्याचं तेल

१

रावपुऱ्यातल्या दत्ताजीराव मान्यांचा दिवस देवपूजेनं सुरू होत नसे, नाकानं सुरू होई. पहाटे चूळ भरली की ते माडीवरून अकरा लाकडी पायऱ्या उतरून खाली दुकानात येत, कपाटातली एखादी बाटली उघडत, कापसाचा बोळा बुडवून नाकाशी धरत आणि डोळे मिटून उभे राहत. आजोबांनी सरकारी पागेत घोडा बाळगला, वडिलांनी पलटणीत बंदूक वाहिली, आणि हा पठ्ठ्या बायकांच्या केसांचं तेल विकतो, असं त्यांचे भाऊबंद लग्नकार्यात मुद्दाम ऐकू जाईल अशा बेतानं बोलत. दत्ताजीराव हसून म्हणायचे की घरातल्या तलवारीला गंज चढला, अत्तराला चढत नाही.

बडोद्यात तेव्हा व्हायोलेटचं वेड होतं. गोऱ्या मडमा लावतात म्हणून सरदारांच्या सुना लावत, आणि सरदारांच्या सुना लावतात म्हणून कारकुनांच्या बायका. ते फूल गावात कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्याचा अर्क जर्मनीहून पत्र्याच्या डब्यातून यायचा, दत्ताजीराव त्याचे थेंब तेलात घालायचे आणि दुकान चालायचं.

हा वास मोठा लबाड. पहिल्या हुंगण्याला भरभरून येतो, दुसऱ्याला अर्धा, तिसऱ्याला काहीच नाही. माणूस बाटली उलटीसुलटी करून बघतो. मग बाटली ठेवून चार पावलं चाललं की मागून पुन्हा येतो. वास जात नाही हो, आपलं नाक थकतं, असं दत्ताजीराव गिऱ्हाइकांना समजावत. ते कलाभवनात दोन वर्षं रसायन शिकलेले होते आणि प्रत्येक गोष्टीला कारण असतंच असं मानणाऱ्यांपैकी होते.

मग युरोपात लढाई पेटली आणि जर्मनीचे डबे यायचे बंद झाले.

२

करजणच्या पुढं, नर्मदेच्या अंगाला, वेलासर नावाचं माळ्यांचं गाव होतं. तिथं धान्य कमी आणि फुलं जास्त. मोगऱ्याचा सौदा करायला दत्ताजीराव तिथं गेले असताना एका घराच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवताठेवता थबकले. जर्मनीच्या डब्यानं लाजावं असा व्हायोलेटचा वास त्या उंबऱ्याला येत होता.

घर रेवामा नावाच्या म्हातारीचं होतं. तिनं सांगितलं ते असं. गावात केळीच्या सावलीत, बांधावर, थंडीच्या दिवसांत एक बारीक जांभळं फूल येतं. त्याला तिथं नुसतं जांबुडी म्हणतात. ते बाजारात जात नाही. घरातली मुलगी सासरी गेली की ती ज्या गोधडीवर झोपायची ती गोधडी अंथरायची, तिच्यावर तिळांचा थर द्यायचा आणि तिळांवर जांबुडी पसरायची. सात संध्याकाळी शिळी फुलं काढून ताजी घालायची. मग ते तीळ घाण्यात घालून तेल काढायचं आणि रोज सकाळी त्याचं बोट उंबऱ्याला लावायचं. मुलगी पहिल्यांदा माहेरी येते ती त्या वासानं वाट ओळखत येते. ती उंबरा ओलांडून आत आली की त्याच दिवशी उंबरा राखेनं घासून धुवायचा आणि उरलेलं तेल नदीला द्यायचं.

दत्ताजीरावांना रीतीभातीत गम्य नव्हतं, तेलात होतं. त्यांनी टोपलीभर जांबुडी आणून कोऱ्या कापडावर तीळ वासवून पाहिले. एकदा नाही, तीनदा. तेलाला वास आला तो नुसता ओल्या गवताचा. रेवामाला हे कळलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली. कोऱ्या कापडाला कोण येणार, म्हणाली.

दत्ताजीरावांनी त्यावर विचार केला आणि ठरवलं की माणसाच्या घामातले क्षार फुलातला वास मोकळा करत असणार. कारण सापडल्यावर त्यांना फार बरं वाटलं. कारण सापडलं की माणूस विचार करायचं थांबतो, आणि शिकलेला माणूस जरा लवकरच थांबतो.

३

त्यांना एकच मुलगी, चिमणा. तिला सगळे चिमू म्हणत. मुलींना शाळेत घाला असा महाराजांचा हुकूम होता म्हणून इतरांच्या मुली जात, चिमू हौसेनं जाई. साडेचारला परत येई ती अशी की गल्लीच्या तोंडापासून कळावं. दप्तर जिन्याच्या कठड्यावर आपटत यायचं. पहिल्या चार पायऱ्या दमल्यासारख्या, पुढच्या दोन दोन एकदम आणि शेवटी एक उडी. मग थेट माजघरातला हिंचका, कड्यांवर टांगलेला फळीचा झोपाळा. त्या हिंचक्याची डावी कडी मांजर बसलं तरी कुरकुरायची, चिमू बसली की किंचाळायची.

सोळाव्या वर्षी तिला देवासला दिली. स्थळ चांगलं होतं. तिथं तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, अहल्या. दत्ताजीराव शेजारीच उभे होते. आपण ठेवलेलं नाव कुणीतरी ताटातले तांदूळ सारखे करून पुसावं, हे त्यांना लागलं. पण रीतच तशी, बोलणार काय?

ती गेल्यावर घरात साडेचार वाजणं फार अवघड झालं. घड्याळ अर्ध्या तासाला एकच टोला देई. तो पडला की दत्ताजीराव दुकानात मान वर करत आणि मग उगाच बाटल्या पुसत बसत. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी चिमूची गोधडी माळ्यावरून काढली. बायकोला, कुसुमावतीला, म्हणाले की उन्हात घालतो. धंद्यासाठी काढली की चिमूसाठी, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

या वेळी तेल उतरलं ते अस्सल व्हायोलेट. बाटलीवर त्यांनी चिठ्ठी चिकटवली, ‘चिमणा व्हायोलेट’. बघता बघता ते अर्ध्या रावपुऱ्यात गेलं. दर थंडीत ते वेलासरची फुलं आणत आणि त्याच गोधडीवर नवे तीळ वासवत. आणि रोज सकाळी, दुकान उघडण्याआधी, एक बोट स्वतःच्या उंबऱ्याला.

दिवाळीला पाठवतो, संक्रांतीला पाठवतो, असं करत देवासकरांनी दोन वर्षं मुलीला पाठवली नाही. मधे, लढाई सरता सरता, तापाची ती साथ आली. कुसुमावती त्यातून वाचली, पण तिचं नाक कायमचं गेलं. घरभर व्हायोलेट दरवळे आणि तिला त्याचा पत्ता नसे. आपला नवरा रोज सकाळी उंबऱ्याला काय लावतो, तर तिच्या मते वाळवीचं औषध.

४

माघात चिमू आली. पहिलं बाळंतपण, सातवा सरत आलेला. दिराबरोबर टांग्यातून उतरली. कुसुमावतीनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि मुलगी उंबरा ओलांडून आत आली.

दत्ताजीरावांनी दोन वर्षं या क्षणावर काढली होती. डोक्यावरून पदर, खाली नजर, अंगानं भरलेली एक बाई त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, “बरे आहात ना आबा?” मग स्वतःच्या घरात तिनं विचारलं की पाणी घेऊ का. ते दोनदा “चिमू” म्हणाले. तिनं वर पाहिलं नाही. दिरानं “अहल्या वहिनी” म्हटल्याबरोबर पाहिलं.

तिचा काही दोष नव्हता. लेक परक्याचं धन म्हणतात ते काही उगाच नाही. पण धन परत आलं तर निदान आपलं म्हणून ओळखू यावं, एवढी बापाची अपेक्षा असते. त्या रात्री ते आढ्याकडे बघत पडून राहिले. उंबरा धुवायचा राहिला हे त्यांना आठवलं. सकाळी बघू, म्हणाले.

सकाळी ते तेलाची बाटली घेऊन उंबऱ्याशी बसले. चुलीत राख होती, आडावर पाणी होतं. आलेली मुलगी माडीवर झोपलेली होती. दत्ताजीरावांना मात्र अजून कुणाची तरी वाट बघायची होती. त्यांनी रोजच्यासारखं बोट तेलात बुडवलं आणि उंबऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं.

५

पाच-सहा दिवसांनी दुकानात एका पारशी गिऱ्हाइकाला बाटली बांधून देताना साडेचारचा टोला पडला आणि गल्लीच्या तोंडाशी, कशावर तरी काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. दत्ताजीरावांचा दोरा हातातच राहिला. शाळेतून सुटलेली पोरं गल्लीत असतातच, त्यांनी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तोच आवाज शेजारच्या जयवंतरावांच्या ओट्यापाशी आला. तिसऱ्या दिवशी जिन्याच्या कठड्यावर. मग चार पायऱ्या, दमल्यासारख्या.

त्यांनी दुकानातून जिन्याकडे उघडणारं दार लोटून पाहिलं. जिन्यात कुणी नव्हतं. वास मात्र इतका होता की एका श्वासात छाती भरली, आणि दुसऱ्या श्वासाला काहीच नाही. थकलेलं नाक असतं तसे थकलेले कानही असतील, असं त्यांनी ठरवलं. दोन वर्षांची सवय आहे, कान आपलं आपणच भरून काढतात. हे कारणही त्यांना पटलं, पण पहिल्याइतकं बरं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात जयवंतराव ओट्यावर पानाची चंची उघडून बसले होते. त्यांनी विचारलं, “काय दत्ताजीराव, दीकरी क्यारे आवे छे? कधी येतेय लेक बाळंतपणाला?”

दत्ताजीराव म्हणाले, अहो, येऊन बारा दिवस झाले. तुमच्या घरून वहिनी स्वतः सुखडीच्या वड्या घेऊन भेटून गेल्या. जयवंतरावांनी कपाळाला आठ्या घातल्या, हो हो म्हणाले, पण त्यांना काही आठवलेलं नव्हतं हे दिसत होतं. म्हातारपण, दुसरं काय? जयवंतराव दत्ताजीरावांपेक्षा चार वर्षांनी लहान होते.

त्या संध्याकाळी अहल्या हिंचक्यावर बसून आईशी बोलत होती. पायानं हलकेच झोका घेत होती. दत्ताजीराव जेवायच्या पाटावर होते. तिसरा घास घेताना त्यांच्या लक्षात आलं की हिंचका हलतो आहे आणि कडी वाजत नाही. त्यांनी कुसुमावतीला विचारलं की कडीला तेल घातलंस का. ती म्हणाली, कशाला घालू, कालच दुपारी किती कुरकुरत होती.

“कोण बसलं होतं?”

“मी खाली होते. चिमूच असेल.”

६

दुसऱ्या दिवशी त्यांनी साडेचारच्या आधीच जोडे काढून ठेवले. कुसुमावती मागच्या अंगणात सांडगे घालत होती. टोला पडला. कठड्यावर दप्तर आपटलं. चार पायऱ्या, मग दोन दोन, मग उडी. वर कडी किंचाळली.

दत्ताजीराव एकेक पायरी चढून गेले. माजघराचं दार अर्धं लोटलेलं होतं. बिजागरीच्या फटीतून त्यांनी पाहिलं.

फट अरुंद होती. हिंचक्याची फळी मागंपुढं जात होती आणि तिच्याखाली दोन पाय लोंबत होते. जमिनीला टेकत नव्हते. हिरव्या परकराचा काठ, पोटऱ्यांवर रस्त्याची धूळ. डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. ती चिंधी त्यांनीच बांधली होती, चिमू नऊ वर्षांची असताना, स्वतःच्या धोतराची किनार फाडून. ठेच लागली तेव्हा ती रडली नव्हती, बांधताना मात्र रडली होती.

त्यांनी गुडघ्यांच्या वर पाहिलं नाही. वर चेहरा असेल किंवा नसेल. दोन्हीपैकी काहीही त्यांना सोसलं नसतं.

माजघरापलीकडे आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि तिथं अहल्या दुपारची झोपली होती. पलंगाचं अर्धं टोक इथून दिसत होतं. त्यावर तिचं लुगडं होतं. आठव्या महिन्यातल्या बाईचं लुगडं कुशीवर जसं उंच दिसावं तसं ते दिसत नव्हतं. घडी मोडून टाकलेल्या कापडासारखं सपाट होतं.

दत्ताजीरावांनी ते पाहिलं. नीट पाहिलं. आणि नजर पुन्हा त्या दोन पायांकडे वळवली.

कितीतरी वेळ ते तिथं उभे होते. त्यांना भीती वाटत होती, पण खरं सांगायचं तर दोन वर्षांत ते इतके सुखात कधी नव्हते. कडी वाजत होती, पाय हलत होते, घर भरल्यासारखं वाटत होतं. कुसुमावती जिन्यावरून हाक मारत वर आली तेव्हा कडी थांबली. आतून अहल्या डोळे चोळत बाहेर आली, पोटावर हात ठेवून, आणि म्हणाली की आज फार वेळ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उंबऱ्याला दोन बोटं तेल लावलं.

७

बाविसाव्या दिवशी अहल्या दुकानात उतरून आली. एरवी ती खाली येत नसे. गिऱ्हाईक नव्हतं. ती कपाटाला टेकून उभी राहिली आणि बराच वेळ बाटल्यांवरचं आपलं जुनं नाव वाचत राहिली.

“आबा,” ती म्हणाली, “दुपारी मी कुठं असते?”

त्यांनी हातातलं गाळणं खाली ठेवलं.

“साडेचारचा टोला मला ऐकू येतो. मग एकदम दिवा लावलेला दिसतो. मधलं काही नसतं. आईला सांगितलं तर म्हणते झोप. झोप कशी असते ते मला माहीत आहे.” तिनं आवाज खाली आणला. “आणि तेवढा वेळ बाळ नसतं. हलत नाही असं नव्हे आबा. नसतं. आल्यावर पुष्कळ वेळानं येतं, आणि रोज जरा उशिरा येतं.”

ती घाबरलेली होती आणि घाबरल्यावर बापाकडे आली होती. त्यांच्या दंडाला तिनं दोन्ही हातांनी धरलं. त्या हातांना वजन नव्हतं. दत्ताजीरावांना एकदम कळलं की चिमू ती हीच. पदर घेणारी, पाणी घेऊ का विचारणारी, हीच ती. आणि आपण हिला घरात घेऊनही गेले बावीस दिवस दाराबाहेर ठेवलं आहे.

त्याच दुपारी कुसुमावतीनं हट्टानं डॉक्टरीणबाई बोलावल्या. बाई पावणेपाचला आल्या. निजलेल्या अहल्येला त्यांनी हाक मारली, ती उठली नाही. पोटावर नळी लावून त्या ऐकत राहिल्या. नळी सरकवली, पुन्हा ऐकलं. मग हातानं चाचपलं आणि चटकन हात मागं घेतला. दत्ताजीराव दाराशी होते. बाईंनी त्यांना विचारलं की दिवस नक्की किती गेलेत, आणि गेलेत हे कुणी पाहिलं. मग स्वतःच्याच प्रश्नानं ओशाळल्या आणि म्हणाल्या, उद्या पुन्हा येते, मला आज बरं नाही.

दत्ताजीरावांनी कुसुमावतीला माजघरात बसवून सगळं सांगितलं. गोधडी, तेल, पाय, सगळं. ती ओरडली नाही. म्हणाली, “मला वास येत नाही म्हणून तुम्ही माझ्या घरात हे केलंत?” आणि उठून मुलीच्या उशाशी जाऊन बसली.

८

पहाटेच्या गाडीनं ते करजणला उतरले आणि बैलगाडीनं वेलासर गाठलं. रेवामा बांधावर जांबुडी खुडत होती. नाकावर फडकं बांधलेलं होतं. तिथले सगळेच खुडताना बांधतात. तिनं विचारलं, “केटला दहाडा थया?”

ती येऊन बावीस दिवस झाले, ते म्हणाले. आजचा तेविसावा.

म्हातारीनं टोपली खाली ठेवली. “दीकरी तो घेर आवी गई, भाई. हवे कोने बोलावो छो?”

लेक तर घरी आली, मग आता बोलावताय कुणाला, हे दत्ताजीरावांच्या वर्मी लागलं. लोकांच्या बांधावर बसून ते लहान पोरासारखे रडले. रेवामानं त्यांना रडू दिलं. मग सांगितलं की ती दुसरी यायच्या वेळेआधी, आलेली मुलगी घरात असताना, उंबरा राखेनं तीनदा घासायचा. नंतर बाहेरून काहीही ऐकू आलं तरी जवाब द्यायचा नाही. एकदाही नाही.

जी येते ती कोण, असं त्यांनी विचारलं. ते आम्हालाही माहीत नाही, म्हणाली. तुम्ही पाहिलीत, तुम्हीच सांगा. उरलेलं तेल किती आहे, असं तिनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, थोडंसंच. बाटल्यांचं ते बोलले नाहीत. वैद्याकडे जाऊन दुखणं लपवावं तसं झालं, पण लाज ही अशीच असते.

९

परतीची गाडी वाटेत अर्धा तास खोळंबली. दत्ताजीरावांचा जीव टांगणीला लागला. स्टेशनवरून टांगा करून ते रावपुऱ्यात पोचले तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. वर जाऊन त्यांनी पाहिलं. अहल्या पलंगावर जागी होती, कुसुमावतीनं तिचा हात हातात धरला होता. काही झालं तरी सोडू नकोस, एवढं सांगून ते चुलीतली राख पाटीत भरून खाली धावले.

त्यांनी काथ्यानं उंबरा घासला. दोन वर्षांचं तेल लाकडात मुरलेलं होतं, राख काळी होऊन निघत होती. पाणी ओतलं, पुन्हा घासला. तिसऱ्यांदा घासून पाणी ओतलं आणि दार लावून कडी घातली, तेव्हा वर टोला पडला.

गल्लीच्या तोंडाशी दप्तर आपटलं. जयवंतरावांच्या ओट्यापाशी आपटलं. मग त्यांच्या दाराबाहेर पावलं आली आणि थांबली.

दत्ताजीराव ओल्या जमिनीवर बसून होते. दाराच्या फळ्यांमधून उन्हाची एक रेघ आत येत होती. ती रेघ मधोमध तुटली. पलीकडे कुणीतरी उभं होतं, लहान उंचीचं. ते दार ढकलत नव्हतं, कडी वाजवत नव्हतं. पावलं दोनदा पुढं गेली आणि दोनदा परत आली, घर चुकल्यासारखी.

मग बाहेरून आवाज आला. चांगला मोठ्यानं, शिकवल्यासारखा.

“मी दत्ताजीराव मान्यांची चिमू. आमचं घर कुठलं?”

कधी हरवलीस तर रडत बसायचं नाही, कुणालाही असं विचारायचं, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. ती कधी हरवली नव्हती.

त्यांचा हात कडीकडे गेला. त्या क्षणी त्यांना राख, रेवामा, काही आठवत नव्हतं. एवढंच कळत होतं की आपली पोर दाराशी उभी आहे आणि तिला दार ओळखू येत नाही. कडी बोटांना लागली, आणि वरून अहल्या ओरडली. टोल्यानंतर तिचा आवाज गेल्या कितीतरी दिवसांत या घरात कुणी ऐकला नव्हता.

“आबा, बाळ हललं! आबा, मी इथं आहे!”

दत्ताजीरावांनी दुसऱ्या हातानं कडीवरचा हात ओढून घेतला आणि तोंडावर दाबून धरला. दातांनी तळवा फुटला तरी सोडला नाही.

मग पावलं जयवंतरावांच्या ओट्याकडे गेली. “मी दत्ताजीराव मान्यांची चिमू. आमचं घर कुठलं?” तिथून पुढच्या घरी. ती प्रत्येक दाराशी थांबत नव्हती. काही घरं सोडून देत होती, काहींपाशी मात्र वळून जात होती, आणि कुठली घरं ते दत्ताजीराव एकेक करून ओळखत होते. तिथं तिथं त्यांनी स्वतःच्या हातानं बाटली बांधून दिली होती. आवाज लहान होत गेला. ती रडत नव्हती. शिकवलं होतं तसंच, त्याच शब्दांत, दर दाराशी विचारत होती.

गल्लीच्या पार टोकाला ती पुन्हा विचारू लागली आणि वाक्य अर्ध्यावर आलं असताना कुठल्यातरी घराची कडी निघाली. एका बाईचा आवाज मायेनं काहीतरी बोलला. दार लागलं. मग गल्लीत कुणी काही विचारलं नाही.

वर कुसुमावती मुलीशी हसत आणि रडत बोलत होती. दत्ताजीराव फुटलेला तळवा पोटाशी धरून उंबऱ्याशी बसून राहिले. त्या घरात कोण आहे, तिथं मुलंबाळं आहेत का, उद्या तिथं काय होईल, याची त्यांना धास्ती वाटायला हवी होती, आणि ती पुढं वाटलीही. पण त्या वेळी त्यांना फक्त त्या घराचा हेवा वाटला.